न ठरवता निघताना: शरदातली मोटरसायकल फेरी

पितृपक्ष संपतो, घटस्थापना होते आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या खोऱ्यांमध्ये मोटरसायकलवर हिंडण्याचे वर्षातले सगळ्यांत चांगले सहा-सात आठवडे सुरू होतात. ओढ्यांना पाणी असतं, भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळं पडू लागलेलं असतं, डोंगरउतारांवर सोनकी फुललेली असते. डिसेंबर लागला की हेच डोंगर वाळक्या गवताचे होतात. म्हणून एखाद्या रविवारी पहाटे जाग आली आणि वाटलं निघावं, तर निघावंच. त्यासाठी कार्यक्रम आखत बसायची गरज नाही.

मात्र एक गोष्ट नव्या माणसानं मनात पक्की धरावी. न ठरवता फिरताना फक्त 'कुठे' हे मोकळं सोडायचं असतं. परत फिरायची वेळ, टाकीतलं पेट्रोल आणि गाडीची अवस्था या तीन गोष्टी बांधलेल्याच हव्यात. त्या बांधलेल्या असल्या की प्रत्येक फाट्यावर मन मानेल तसं वळता येतं.

आधी गाडी पावसाळ्यातून बाहेर काढा

चार महिने चिखलपाण्यात फिरलेली गाडी सप्टेंबरअखेर एकदा नीट बघून ठेवली की पुढचे दोन महिने कधीही किल्ली फिरवून निघता येतं. हे काम निघायच्या दिवशी पहाटे होत नाही, ते आधीच्या एखाद्या संध्याकाळी करावं.

पावसानं सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते चेनचं. तिचं वंगण धुतलं जातं, कड्यांमध्ये बारीक रेती बसते आणि चेन एकसारखी न ताणता कुठे घट्ट, कुठे सैल होते. तपासायची पद्धत अशी:

१. गाडी मेन स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला टाका. मागचं चाक हातानं सावकाश फिरवत चेन जिथे सगळ्यांत ताठ लागते ती जागा शोधा. माप तिथेच घ्यायचं. सैल जागी मापून चेन आवळली, तर ताठ जागी ती बेअरिंग आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती, खाते.

२. खालच्या बाजूच्या चेनला दोन्ही स्प्रॉकेटांच्या मधोमध बोटानं वर-खाली हलवा. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल योग्य असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

३. जास्त सैल असेल तर मागच्या ॲक्सलचा नट ढिला करा आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा सारखेच फिरवा. स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीवरच्या, खुणा दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मग नट पक्का आवळा.

४. नवशिके विसरतात ती पायरी ही: चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून चेन आवळल्यावर मागच्या ब्रेकचं ॲडजस्टमेंट पुन्हा करायचं आणि चाक मोकळं फिरतंय ना हे बघायचं. नाहीतर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो आणि नेमका घाट उतरताना पकड सोडतो.

५. जुन्या ब्रशनं रॉकेल लावून रेती काढा, फडक्यानं कोरडी पुसा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंबथेंब सोडा. वापरलेलं काळं इंजिन ऑइल लावू नका. त्यातली धातूची घाण कड्यांमध्येच जाते.

ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या दांडीजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो शेवटच्या खुणेपर्यंत गेला, तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे थर, संपले. डिस्क असेल तर टॉर्च मारून पॅडचा थर बघा. दोन मिलिमीटरच्या खाली आला असेल तर बदलून घ्या. क्लचच्या लिव्हरला टोकापाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. केबलची एखादी तार तुटून लिव्हरपाशी बाहेर आली असेल तर केबल आजच बदला. अशी केबल नेहमी घाटातच तुटते, कारण क्लच सगळ्यांत जास्त वापरला जातो तो तिथेच.

इंजिन ऑइल बघताना गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडवर उभी हवी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि मग ऑइलची पातळी मोजायची काठी बाहेर काढा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ही काठी आटे न फिरवता नुसती टेकवून माप घ्यायचं असतं. आटे आवळून घेतलेलं माप प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस फसतो.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या वळणावर धरत नाही. हवा थंड टायरमध्ये भरा. एकट्यासाठी साधारण पुढे २५ पीएसआय, मागे २८ ते ३० आणि मागे माणूस असेल तर मागचा आकडा तीन-चारनं जास्त. तुमच्या गाडीचा खरा आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच पाळा.

गाडीवर कायम राहणारी पिशवी

न ठरवता निघणाऱ्याकडे सामान बांधायला वेळ नसतो, म्हणून ते बांधलेलंच असावं. सीटखाली किंवा एका छोट्या कॅनव्हासच्या पिशवीत हे असू द्या: प्लगपाना आणि एक नवा प्लग, १०, १२ आणि १४ नंबरचे पाने, पक्कड, दोन्ही तोंडांचा स्क्रूड्रायव्हर, गाडीला लागतात त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, क्लच केबल, इन्शुलेशन टेप, थोडी बाइंडिंग तार आणि दोन वार सुती दोरी. टायर ट्यूबचा असेल तर आपल्या मापाची एक ट्यूब. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे टाम्या (टायर काढायच्या पट्ट्या) आणि हातपंप असतो, पण तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही. ट्यूबलेस असेल तर सुया, रबरी पट्ट्या आणि छोटा पंप.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजीलॉकरमध्ये चालतात. तरी सिग्नल नसलेल्या खोऱ्यात फोनवर ते उघडत नाहीत, म्हणून लायसन्स खिशात ठेवा. सुटे पैसेही ठेवा, कारण रेंज नाही तिथे यूपीआयही नाही. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं, आणि पट्टा आवळून. चप्पल नको, घोटा झाकणारे बूट हवेत. पातळ का होईना, पूर्ण बाह्यांचं घट्ट विणीचं जाकीट घाला. पहाटे खोऱ्यात गारठा असतो आणि दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटके देतं. मागे बसणाऱ्या बाईची ओढणी किंवा पदर कमरेला खोचून गाठ मारल्याशिवाय गाडी हलवू नका. चेन आणि चाकाच्या मध्ये गेलेलं कापड एका क्षणात गळ्याला फास लावतं.

दिवसाचं गणित

ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्या-साताऱ्याकडे सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि सव्वासहाच्या आधीच मावळतो. डोंगराच्या सावलीतल्या रस्त्यावर अंधार त्याच्याही अर्धा तास आधी पडतो. म्हणून नव्या माणसाचा नियम सोपा ठेवावा: सहा-साडेसहाला निघा, आणि दुपारी दीड वाजला की जिथे असाल तिथून गाडीचं तोंड घराकडे करा. समोर कितीही सुंदर वळण दिसत असलं तरी. आडवाटेनं चहापाण्यासकट तासाला ३० किलोमीटर धरले, तर दीडपर्यंतच्या सात तासांत दोनशेच्या वर अंतर होतं. नवख्यानं पूर्ण दिवसाला १६० ते १८० पुरे समजावेत.

दुपारच्या पावसाचाही यात हिशेब आहे. परतीचा मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून निघतो, पण हस्त आणि चित्रा नक्षत्रांतला पाऊस दुपारी तीननंतर ढग उभे करून विजांसकट येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा. तेवढे किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर थांबायचं. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. पक्क्या बांधणीचं देऊळ, शाळा किंवा घर शोधा आणि गाडीपासून लांब उभे राहा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

पेट्रोल अर्ध्या टाकीला आलं की पुढच्या पंपावर भरा. फाट्यावरून आत वळण्याआधीचा पंप हाच शेवटचा असं समजा. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्यांपैकी बहुतेकांना कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आहे. त्यांना रिझर्व्हचा कॉक नसतो आणि पेट्रोल पंप टाकीच्या आतच बुडालेला असतो. पेट्रोलनंच तो गार राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत चालवली तर पंप जळू शकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकी भरल्यावर कॉक रिझर्व्हवरून परत 'ऑन'वर आणायला विसरू नका.

फाट्यावर वळायचं कसं

एक नमुना घेऊ. पुण्याहून कात्रज ओलांडून सातारा रस्त्यानं कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर. इथपर्यंत अंतर साधारण ५० किलोमीटर. भोरमध्ये नाश्ता झाला की तीन वाटा फुटतात. एक भाटघरच्या जलाशयाकडे, दुसरी नीरा देवघरच्या कडेनं वरंध घाटाकडे, तिसरी आंबाडखिंडीचा घाट चढून मांढरदेवला आणि पलीकडे उतरून वाईला. वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, तो उघडलाय का हे भोरच्या एसटी स्टँडवर विचारावं. नवख्यासाठी तिसरी वाट उत्तम: घाट आहे पण फार लांब नाही, वाईत गॅरेज, पंप, जेवण सगळं मिळतं, आणि परत यायला सुरूरवरून हमरस्ता आहे. वाईला ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट आहे. तिथून तीन-चार किलोमीटरवरच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथल्या नदीकाठच्या देवळापाशी टांगलेली आहे. अर्धा तास पाय मोकळे करायला यापेक्षा शांत जागा नाही.

कासच्या पठाराला मात्र या यादीत जागा देऊ नका. फुलांच्या हंगामात तिथे आधी नोंदणी लागते, गर्दीही फार असते. ते ठरवून, आठवड्याच्या मधल्या दिवशी करायचं काम आहे.

अनोळखी फाट्यावर मैलाचा दगड वाचा. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य मार्ग, नारिंगी डोक्याचा ग्रामसडक योजनेचा. नारिंगी दगडांचे रस्ते फिरायला सगळ्यांत छान, पण त्यातले बरेच शेवटच्या वाडीत संपतात. ज्या गावाला एसटी जाते तिथपर्यंत रस्ता ठीक असतो, एवढं धरून चालायला हरकत नाही. नकाशा आदल्या दिवशी ऑफलाइन उतरवून ठेवा, पण नकाशातली बारीक रेघ म्हणजे कधीकधी बैलगाडीची वाटही असते.

माणसाला विचारणं हाच खरा उपाय, आणि विचारायची रीत असते. "हा रस्ता वाईला जातो का?" असं विचारलं तर समोरचा "जातो की!" म्हणतो, कारण पायवाटेनं तोही जातो. त्याऐवजी गाडी बंद करून, हेल्मेट काढून विचारा, "दादा, राम राम. पुढं गाडी निघंल का? डांबरी कुठपर्यंत हाय?" दूध घालायला मोटरसायकलवर जाणारा माणूस सगळ्यांत अचूक सांगतो. तो रोज त्याच रस्त्यावरून किटल्या लावून जातो, कुठे खड्डा आणि कुठे फरशीवर पाणी हे त्याला पाठ असतं.

या मोसमात रस्त्यावर काय असतं

वाहून आलेली खडी. पावसानं डोंगरउताराची रेती आणि खडी वळणाच्या आतल्या बाजूला आणून टाकलेली असते, नेमकी जिथे गाडी झुकवायची तिथे. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक खडीवर दाबला की पुढचं चाक निसटतं. आपल्या बाजूच्या मध्यावर राहा. डांबराची कड आणि साईडपट्टी यांमध्ये पावसानंतर चार-सहा इंचांची पायरी झालेली असते. चाक खाली उतरलंच, तर लगेच वर चढवायला जाऊ नका. वेग अगदी कमी करा आणि पायरी कमी असेल तिथे काटकोनात चढा.

फरशी पूल. ओढ्यावरच्या फरशीवरून बोटभर पाणी वाहत असतं आणि ते निरुपद्रवी दिसतं. पण चार महिन्यांत तिच्यावर शेवाळ धरलेलं असतं. आधी उतरून बुटानं घासून बघा. घसरत असेल तर मागच्या माणसाला उतरवा, पहिला गिअर टाका, हँडल सरळ धरा, ॲक्सिलरेटर अगदी थोडा आणि एकसारखा ठेवा. मध्ये ब्रेक नाही, क्लच नाही, वळण नाही. लोकांच्या चाकांनी शेवाळ घासून गेलेला पट्टा पांढुरका दिसतो, त्यावरून जा. फरशी दिसतच नसेल इतकं गढूळ पाणी असेल तर परत फिरा. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक मारून लायनर कोरडे करा.

वाळवण. सोयाबीन, बाजरी, भात, सगळं याच दिवसांत काढणीला येतं आणि खळ्याची जागा रस्त्यानं घेतलेली असते. काही गावांत सोयाबीनची काडं मुद्दाम रस्त्यावर पसरतात, वाहनांच्या चाकाखाली मळणी व्हावी म्हणून. बसच्या चाकाला ती चालतात, मोटरसायकलला नाही. सुक्या शेंगा गोट्यांसारख्या घरंगळतात, काडं चेन आणि पुढच्या स्प्रॉकेटमध्ये गुंततात, आणि सायलेन्सरच्या वाकड्या पाइपला चिकटलेला भुसा धुमसू लागतो. शक्य असेल तर कडेनं जा. काडांवरून जावंच लागलं तर सावकाश सरळ निघा, पलीकडे थांबा, इंजिन बंद करा, खाली वाका आणि काडी लावून पाइपमागचा भुसा काढा. हात लावू नका, भाजतो. नुसतं धान्य वाळत घातलेलं असेल तर त्यावरून चाक घालू नका. ते कुणाच्या तरी वर्षाच्या पोटाचं आहे.

मेंढरं. या दिवसांत धनगरांचे कळप घोड्यांसह रस्त्यानं चालत असतात. हॉर्न मारला की मेंढरं पांगतात आणि थेट चाकाखाली येतात. कडेला थांबा, इंजिन बंद करा. राखणारा हाताची खूण करील, मग निघा. कळपाचं कुत्रं अंगावर आलं तर वेग वाढवू नका. थांबलात की बहुधा तेही थांबतं.

काळी माती. ट्रॅक्टर शेतातून डांबरावर येतो तेव्हा चाकांची माती रस्त्यावर सांडतो. सुकी असताना ती ढेकळं असतात. एक सर आली की तिचं लोणी होतं.

उसाची वाहतूक. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. मागे लाल दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलेला असतो. संध्याकाळी सात वाजता असा ट्रॅक्टर दिसतो तेव्हा तो वीस-पंचवीस मीटरवर असतो. ताशी ६० वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकला हात लागेपर्यंत तो समोर येतो. दीड वाजता मागे फिरायचा नियम आहे तो याच्यासाठी. अंधार झालाच तर वेग चाळिसावर ठेवा.

दसऱ्याला पूजा करून निघणार असाल तर झेंडूची माळ घरीच काढून ठेवा. हँडलला बांधलेली माळ पूर्ण वळणावर केबलमध्ये अडकते आणि दोरा ब्रेक लिव्हरच्या खाचेत जातो. दोन फुलं हेडलाइटच्या वर खोचली तरी पुरेत.

घाट

चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम आणि रीत दोन्ही आहे. उतरताना ज्या गिअरनं तो चढ चढला असता, तोच गिअर ठेवा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलला टाकून उतरण्यानं थेंबभर पेट्रोल वाचतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा. जळका वास आला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा आत जाऊ लागली तर थांबा आणि पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. ड्रमवर पाणी ओतू नका, तापलेलं ओतीव तडकतं. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि डावीकडेच राहा. समोरून येणाऱ्या एसटीला वळायला अर्ध्याहून जास्त रस्ता लागतो.

बंद पडली तर

पंक्चर जाणवलं की पहिली गरज ब्रेक न दाबण्याची. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सावकाश सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या. पुढचं चाक बसलं असेल तर मागचाच ब्रेक हलका वापरा. ट्यूबच्या टायरवर बसून चालवत गेलात तर आत ट्यूब सरकते आणि नोझलच उपटतो, मग ती ट्यूब कायमची गेली. उतरून ढकलत न्या. ट्यूबलेसमध्ये बाभळीचा काटा किंवा खिळा दिसला आणि हवा टिकून असेल, तर तो तसाच ठेवून दुकान गाठा.

इंजिन सुरूच होत नसेल तर क्रमानं बघा: किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), पेट्रोल, साइड स्टँड, प्लगची टोपी. टोपीत पाणी गेलं असेल तर काढून पुसा. दिवे आणि हॉर्न दोन्ही गेले असतील तर बहुधा फ्यूज. नवा टाकल्यावर लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, कुठे तरी वायर घासली आहे. हँडलच्या मानेपाशी सापडते, टेप गुंडाळा. अपघात झाला तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीचं हेल्मेट घाईनं ओढून काढू नका.

घरी आल्यावर

गाडी लावून लगेच आत जाऊ नका, दहा मिनिटं द्या. चेन गरम असतानाच तिला ऑइल सोडा, कड्यांमध्ये नीट मुरतं. मागच्या चाकाच्या ॲक्सलभोवती आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणापाशी गुंतलेली काडं पक्कडीनं ओढून काढा. तिथे राहिली तर ऑइल सील कापतात. टायरवरून हात फिरवून काटे बघा, कारण दुपारी टोचलेला काटा रात्रभरात हवा काढतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर चिखल धुवा, पाण्याचा झोत चाकाच्या बेअरिंगवर आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू नका. फ्यूज, ट्यूब, टेप यांतलं जे वापरलं गेलं ते नवं आणून पिशवीत पुन्हा भरून ठेवा, आणि परत येताना वाटेतच टाकी भरून घेतली नसेल तर सकाळी पहिल्यांदा पंपावर जा.